मुलाच्या गुडघ्यावर गाठ: तुकडा काढायचा, थांबायचं, की एकदाची कापून टाकायची?

नागपुरातल्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा १५ वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी कबड्डी खेळताना पडला, तेव्हापासून उजव्या गुडघ्याच्या वर दुखतं. महिनाभर मालिश आणि लेप झाला. आता तिथे सूज आहे आणि रात्री दुखण्याने झोप मोडते. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला काहीतरी दिसलं, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय आणि मग गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासायला (बायॉप्सी) सांगितलं आहे. सासरे म्हणतात, सुई लावली की आजार अंगभर पसरतो. दीर म्हणतात, ओळखीच्या डॉक्टरकडून गाठ काढून टाका, प्रश्नच मिटला. या गडबडीत सासूबाईही घाबरल्या आहेत, कारण त्यांच्या पाठीवर पंधरा वर्षांपासून एक गाठ आहे.

ताई, आधी आज करायचं ते सांगतो. मालिश, शेक, लेप, पट्टा आवळून बांधणं, सगळं बंद करा. खेळणं आणि जिने चढणं-उतरणं बंद. कुबड्या घ्या आणि त्या पायावर कमीत कमी भार पडू द्या, कारण गाठीने पोखरलेलं हाड साध्या ठेचेनेही मोडू शकतं आणि मोडलं की उपचार फार अवघड होतात. एमआरआय याच आठवड्यात करून घ्या. एमआरआय आधी, तुकडा नंतर. आणि तुकडा त्याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली निघाला पाहिजे जे पुढे गाठीचं मोठं ऑपरेशन करणार आहेत. हा क्रम का पाळायचा ते खाली सविस्तर लिहितो, कारण घरातल्यांना समजवायचं काम तुमच्यावरच येणार आहे.

पडल्यामुळे गाठ होत नाही. मुलं रोजच पडतात. पडल्यावर त्या जागेकडे लक्ष जातं, किंवा आतून आधीच कमजोर झालेलं हाड त्या धक्क्याने दुखायला लागतं. पण 'मार लागला होता' हे कारण हाताशी असल्यामुळे घरचे, मालिशवाला आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा दोन-तीन महिने त्याच समजुतीत राहतात. मुका मार दोन-तीन आठवड्यांत उतरतो. दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं माराचं समजू नका.

वाढत्या वयातल्या दुखण्याचाही इथे हमखास उल्लेख होतो. ते बहुतेक दोन्ही पायांत असतं, संध्याकाळी किंवा रात्री पोटऱ्या आणि नडग्या दुखतात, आईने पाय दाबून दिले की मूल झोपतं आणि सकाळी उठून धावायला लागतं. त्यात सूज नसते आणि लंगडणंही नसतं. एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, त्यातही रात्री जाग येत असेल, तर त्या जागेचा एक्स-रे लगेच काढायला हवा. तुम्ही काढलात, हे फार चांगलं केलं.

त्या एक्स-रेची मूळ फिल्म जपून ठेवा. पेशंट मंडळी तिला नुसता 'फोटो' म्हणतात आणि एमआरआय झाला की कोपऱ्यात टाकतात. पण हाडाच्या गाठीचा स्वभाव मला एमआरआयपेक्षा त्या फोटोत जास्त कळतो. गाठीची कड रेखीव आहे, भोवती पांढरी दाट हाडाची किनार आहे, म्हणजे हाडाला तिला आवर घालायला वेळ मिळाला आहे; अशी गाठ बहुधा संथ आणि साधी असते. कड विस्कटलेली आहे, निरोगी हाड कुठे संपतं ते सांगता येत नाही, हाडाचं वरचं आवरण उचललं जाऊन तिथे नवं हाड वेडंवाकडं उगवलं आहे, असं दिसलं की काळजी वाढते. एक्स-रेची मर्यादाही सांगतो. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या फोटोत बदल दिसत नाही. म्हणून पहिला फोटो 'नॉर्मल' आला तरी दुखणं राहिलं तर तीन-चार आठवड्यांत पुन्हा काढायचा किंवा सरळ एमआरआय करायचा.

तुमच्या मुलाचा फोटो मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याच्या गाठीला मी नाव देणार नाही. पण या वयात, या जागी काय काय असू शकतं हे सांगता येतं, आणि त्यातलं बरंचसं घाबरण्यासारखं नाही.

हाडाची सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ म्हणजे ऑस्टिओकॉन्ड्रोमा. गुडघ्याजवळ हाडाला फुटवा आल्यासारखी ती हाताला लागते, मूल वाढतं तोवर वाढते आणि हाडांची वाढ थांबली की तीही थांबते. एकटीदुकटी असेल तर ती कॅन्सरमध्ये बदलण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास आहे. त्रास नसेल तर तिला हातही लावायचा नाही. नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा हा डाग तर कित्येक निरोगी मुलांच्या हाडात असतो, दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या फोटोत सापडतो आणि वय वाढेल तसा आपोआप भरून येतो. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा जेमतेम दीड सेंटिमीटरचा असतो, पण रात्री असह्य दुखतो आणि अ‍ॅस्पिरिनच्या जातीच्या गोळीने चटकन थांबतो. त्याला आता बहुतेक वेळा चिरफाड लागत नाही. सीटी स्कॅनमध्ये बघत सुईतून उष्णता देऊन तो जाळता येतो. हाडात पाणी भरलेले सिस्टही याच वयात होतात.

आता काळजीची बाजू. १० ते २० या वयात हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये पहिला नंबर ऑस्टिओसार्कोमाचा. त्यातले निम्म्याहून अधिक गुडघ्याच्या आसपासच असतात, कारण शरीराची उंची सर्वांत वेगाने तिथेच वाढते. दुसरा इविंग सार्कोमा. तो हाडाच्या मधल्या भागात किंवा कंबरेच्या हाडात जास्त होतो, त्यात ताप येतो, रक्तातला ईएसआर, म्हणजे अंगात दाह असल्याचं सांगणारा आकडा, वाढतो, आणि म्हणून तो हाडाच्या इन्फेक्शनसारखा दिसून भल्याभल्यांना चकवतो.

इथे विदर्भातल्या माणसांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या मुलांमध्ये हाडाचा रक्तपुरवठा मध्येच तुटतो आणि हाडाचा तेवढा भाग मरतो. दुखतं, सुजतं, ताप येतो, फोटोत आवरण उचललेलं दिसतं. त्यात जंतुसंसर्गही लवकर होतो. हे चित्र इविंगसारखं दिसू शकतं, एमआरआयवरही. मुलाची सिकलसेलची तपासणी कधी झाली नसेल तर तुकड्याआधी करून घ्या; साधी रक्ताची चाचणी आहे, सरकारी दवाखान्यात होते. आजार निघाला तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही आधी माहीत असावं लागतं, कारण त्यांना ऑक्सिजन, सलाईन आणि उबेची वेगळी काळजी घ्यावी लागते. मात्र सिकलसेल निघाला म्हणजे गाठ नाहीच असं धरून बसू नका.

हाडाचा टीबीही आपल्याकडे भरपूर आहे. पण 'बहुतेक टीबी असेल' म्हणून नमुना न घेता गोळ्या सुरू करायच्या आणि दोन-तीन महिने वाट बघायची, हे या वयात करू नये. गाठ असेल तर ते महिने परत मिळत नाहीत.

आता सासऱ्यांची शंका. ती अगदी हवेतली नाही. सुई ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवर गाठीच्या काही पेशी राहू शकतात, हे खरं आहे. म्हणूनच ती वाट आधी ठरवलेली असते. पुढच्या ऑपरेशनचा छेद जिथून जाणार त्याच रेषेवर सुई घालायची, स्नायूंच्या एकाच कप्प्यातून जायचं, सांध्यात आणि मोठ्या रक्तवाहिन्या-नसांजवळ शिरायचं नाही. मग मोठ्या ऑपरेशनच्या वेळी ती सगळी वाट गाठीसोबत कापून बाहेर निघते. सुई लावल्याने आजार फुप्फुसात उडतो, ही मात्र भीती सोडून द्या. ऑस्टिओसार्कोमात बहुतेक मुलांमध्ये अतिसूक्ष्म पेशी निदानाच्या आधीच रक्तातून पुढे गेलेल्या असतात. केमो देतात ती त्यांच्यासाठीच. आणि तुकड्याशिवाय केमो सुरूच करता येत नाही. ऑस्टिओसार्कोमाची औषधं वेगळी, इविंगची वेगळी, इन्फेक्शनची तर पूर्णच वेगळी.

खरा धोका असतो न आखता काढलेल्या तुकड्यात. अमेरिकेतले हाडांच्या गाठींचे सर्जन हेन्री मॅनकिन यांनी १९८२ साली हाडांच्या आणि मांसल भागातल्या गाठींच्या ३२९ रुग्णांचा अभ्यास मांडला. तुकडा घेताना किंवा वाचताना झालेल्या चुकांमुळे, एरवी टाळता आला असता असा अवयव ४.५ टक्के रुग्णांना गमवावा लागला होता. आणि या चुका गाठींचे उपचार जिथे नियमित होतात त्या केंद्रांपेक्षा बाहेर कितीतरी जास्त होत्या. १९९६ मध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही चित्र फारसं बदललं नव्हतं. मी स्वतः आडवा छेद घेऊन काढलेले तुकडे, चुकीच्या बाजूने घातलेल्या सुया आणि त्यामुळे वाढलेली ऑपरेशनं पाहिली आहेत. छेद चार सेंटिमीटरचाच असतो, पण तो आडवा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांपर्यंतची कातडी आणि स्नायू पुढे काढावे लागतात, आणि मग पाय झाकायला मांस उरत नाही.

एमआरआय तुकड्याआधी का, याचंही उत्तर यातच आहे. तुकडा घेतला की आत रक्त साकळतं, सूज येते, आणि मग गाठ कुठवर आणि रक्त कुठवर हे कळत नाही. एमआरआय फक्त गुडघ्याचा नको, मांडीच्या पूर्ण हाडाचा हवा, म्हणजे वर दुसरीकडे सुटी गाठ आहे का तेही दिसेल. तसं लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. नाहीतर सेंटरवर नुसता गुडघा करून पाठवतात आणि पुन्हा खर्च येतो. तुकडा आजकाल बहुधा जाड सुईनेच, सीटी किंवा सी-आर्ममध्ये (पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) बघत घेतात. नमुन्याचा एक भाग पॅथॉलॉजीला आणि एक भाग जंतूंच्या कल्चरला जायला हवा. हाड मऊ करून कापायला वेळ लागतो, मग विशेष रंगांच्या तपासण्या होतात, त्यामुळे रिपोर्टला आठ-दहा दिवस सहज लागतात. ते दिवस तुम्हाला जड जातील हे मला माहीत आहे. तरीही दोन दिवसांत मिळालेल्या घाईच्या रिपोर्टपेक्षा हाडांच्या गाठी नेहमी वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने एक्स-रे समोर ठेवून दिलेला रिपोर्ट मी पसंत करतो. साधं फ्रॅक्चर भरून येत असतानाची पेशींची धांदलसुद्धा, फोटो न बघता वाचली तर, कॅन्सरसारखी वाटू शकते.

दिरांना माझ्यातर्फे एवढंच सांगा: काय आहे हे कळल्याशिवाय गाठ 'काढून टाकता' येत नाही. साधी असेल तर कदाचित काढायचीच नसते. वाईट असेल तर ती भोवतालच्या निरोगी मांसाच्या आवरणासकट, न फोडता, एकसंध काढावी लागते. खरवडून काढली तर तिच्या पेशी सगळ्या जखमेत पसरतात. हाड मोडलं असेल तर आत घाईने रॉड घालणं त्याहून वाईट, कारण रॉड हाडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाठ नेऊन पोचवतो. असं मोडलं तर प्लास्टर लावा, झोपवून ठेवा आणि गाठींचं काम करणाऱ्याकडे पाठवा.

साधी आणि कॅन्सरची असे दोनच कप्पे नाहीत, हेही घरात सांगा. जायंट सेल ट्यूमर नावाची गाठ २० ते ४० वयात, गुडघ्याच्या आणि मनगटाच्या हाडात होते आणि आपल्या देशात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसते. ती कॅन्सरमध्ये मोडत नाही, पण हाड पोखरून सांध्यापर्यंत येते, नीट खरवडली नाही तर परत येते आणि क्वचित फुप्फुसातही जाते. आतून बारकाईने खरवडून हाडाचं सिमेंट भरलं की पुष्कळांचा सांधा वाचतो. अशा पेशंटला 'साधी आहे' म्हणून सोडून देणं आणि 'कॅन्सर आहे' म्हणून पाय कापणं, दोन्ही अन्यायच. चाळिशीनंतर हिशेब आणखी बदलतो. तेव्हा हाडातला नवा डाग बहुधा स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, किडनी किंवा थायरॉइडमधून आलेला असतो, किंवा मायलोमाचा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या कॅन्सरचा, असतो.

समजा रिपोर्ट वाईट आला. ऑस्टिओसार्कोमाचं उदाहरण घेतो. १९७० च्या आधी फक्त पाय कापायचे आणि तरीही पाच वर्षांनी शंभरातले वीससुद्धा वाचत नसत. केमो आल्यावर, फुप्फुसं स्वच्छ असतील तर ६० ते ७० वाचतात. म्हणून निदानाबरोबरच छातीचा सीटी आणि सगळ्या हाडांचा स्कॅन किंवा पेट स्कॅन होतो. आधी दोन-तीन महिने केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो, असं सात ते नऊ महिन्यांचं काम असतं. काढलेल्या हाडात किती पेशी मेल्या ते तपासतात; ९० टक्क्यांहून जास्त मेल्या असतील तर तो चांगला संकेत. चांगल्या केंद्रांत बहुतेक मुलांचा पाय वाचतो. गेलेल्या हाडाच्या जागी धातूचा मोठा सांधा बसवतात, किंवा तेच हाड बाहेर काढून, गाठ साफ करून, किरणांचा एकच मोठा डोस देऊन परत बसवतात. नस आणि रक्तवाहिनीच गाठीत गुरफटली असेल तर कापण्याशिवाय इलाज नसतो, आणि तेव्हा पाय वाचवायच्या हट्टापायी मूल गमावू नये. वेळेत कापलेल्या पायाची, चांगला कृत्रिम पाय लावून कॉलेजला जाणारी मुलं मी पाहतो.

कुठे जायचं? नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानचं एम्स आहे, मानेवाड्याकडचं तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मुंबईला टाटाला जायचं असेल तर अवश्य जा, पण तुकडा इथे काढून मग जाऊ असं करू नका. जिथे उपचार घेणार तिथेच तुकडा. कुठेही गेलात तरी बेधडक विचारा: हाडांच्या गाठींची ऑपरेशनं इथे नियमित होतात का, केमोवाले, किरणोपचारवाले आणि सर्जन एकत्र बसून केस ठरवतात का? प्रश्न विचारल्याचा राग येणाऱ्या डॉक्टरकडे थांबायची सक्ती नाही. पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. आधार आणि रेशन कार्डातली नावं जुळतात का ते आजच बघा, कारण स्पेलिंगच्या फरकात लोकांचे आठवडे जातात. रुग्णालयात योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो, आधी त्याला भेटा. जुन्या सगळ्या फिल्म आणि सीडी सोबत न्या, आणि तुकडा झालेला असेल तर नुसता कागद नको, स्लाइड आणि तुकडा जपून ठेवलेले मेणातले ब्लॉकही मागून घ्या.

सासूबाईंची गाठ. पंधरा वर्षं तेवढीच आहे, मऊ आहे, कातडीखाली बोटाने सरकते, दुखत नाही, असं असेल तर ती चरबीची गाठ, लायपोमा, असण्याचीच दाट शक्यता आहे. एकदा डॉक्टरांनी हाताने तपासावी, शंका वाटली तर सोनोग्राफी, आणि त्रास नसेल तर तशीच राहू द्यावी. लायपोमा कॅन्सरमध्ये बदलत नाही असंच व्यवहारात धरा. पण अंगावरची कुठलीही गाठ कागदी लिंबापेक्षा, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, वाढत असेल, स्नायूच्या आत खोल रुतलेली असेल, दुखत असेल, किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर यातलं एक जरी लागू पडलं तरी सुरीआधी एमआरआय. मांडीतली खोल गाठ 'चरबीचीच आहे' म्हणून लोकल भूल देऊन काढली आणि रिपोर्ट सार्कोमा, म्हणजे मांसल भागाचा कॅन्सर, आला, अशा पेशंटला दुसरं, बरंच मोठं ऑपरेशन लागतं. तरुणांमध्ये घोट्याजवळ किंवा गुडघ्याजवळ लहानशी, वर्षानुवर्षं हळू वाढणारी गाठ सायनोव्हियल सार्कोमा निघू शकते. तिचा लहानपणा फसवा असतो. आणि अंगातून काढलेली प्रत्येक गाठ, कितीही साधी वाटली तरी, पॅथॉलॉजीला जाते की नाही ते बघा.

मुलापासून काही लपवू नका. तो पंधरा वर्षांचा आहे, फोनवर सगळं वाचून बसलेला असेल आणि बहुधा तुमच्याहून जास्त घाबरलेला असेल. तपासण्या कशासाठी आहेत ते डॉक्टरांनी त्यालाही समोर बसवून सांगायला हवं. तसा आग्रह धरा.

एक शेवटचं, जे ओपीडीच्या घाईत राहून जातं. केमोतल्या काही औषधांनी पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. वयात आलेल्या मुलाचं वीर्य केमोआधी गोठवून ठेवता येतं. एक-दोन दिवसांचं काम असतं आणि त्यासाठी उपचार लांबत नाहीत. घरी हा विषय काढायला संकोच वाटत असेल तर मुलाच्या वडिलांना किंवा मामांना पुढे करा, डॉक्टरांशी एकांतात बोला, पण केमो ठरलीच तर पहिली बाटली लागायच्या आधी विचारा, कारण पहिल्या डोसनंतरचा नमुना साठवणं योग्य मानलं जात नाही.